आजीच्या आजाराचं नाव

आज सकाळी ठाण्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले होते. सोनोग्राफीत अंडाशयात गाठ दिसली आहे. "घरात कुणाला कॅन्सर होता?" डॉक्टरांनी विचारलं. मी "नाही" म्हणाले. आई शेजारीच बसली होती.

दुपारी डोंबिवलीला मावशीने रिपोर्ट पाहिला आणि आईला विचारलं, "ताई, आपल्या आईचं सांगितलंस ना डॉक्टरांना?"

आजी पोटदुखीने गेली, असंच मला सांगितलं होतं. मावशीकडून कळलं, तिला अंडाशयाचा कॅन्सर होता.

"अगं, तुझं लग्न व्हायचंय," आई म्हणाली. "बाहेर कळलं की स्थळं येत नाहीत."

"डॉक्टर काय स्थळ आणणार होते?" मी विचारलं.

मी लगेच क्लिनिकला फोन करून उत्तर दुरुस्त केलं. उद्या पुन्हा बोलावलंय. मी एकटीच जाणार आहे.

मी चुकीचं उत्तर दिलं आणि आईने ते देऊ दिलं. तुमच्या घरी कोण कशाने गेलं, तुम्हाला खरं माहीत आहे?