तीन उकाळ्यांचा सौदा

माझी आजवर एकाच माणसाने फसवणूक केली आहे, आणि फसवताना तो एक शब्दही बोलला नव्हता. तो माणूस म्हणजे माझे साडू वसंतराव.

मी सुरतेला लिंबायतमध्ये लूमवर मजूर म्हणून आलो आणि नव्वद साल उलटल्यावर उधन्याला माझं स्वतःचं साड्यांचं दुकान झालं, ते केवळ जिभेच्या जोरावर. समोरच्याने भाव सांगितला की माझं डोकं आपोआप तापतं. (डॉक्टर याला रक्तदाब म्हणतो. त्याच्या फीवरूनही आमचं वाजलं आहे.)

माझी बायको विमल हिला आयुष्यात एकच हौस. तिच्या गावच्या शाळेत भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. त्याखाली बसून ती चौथीपर्यंत शिकली आणि तेव्हापासून एकच पालुपद, "माले एकदाव तो बरफना डोंगर दखना शे." मी वीस वर्षं "पुढच्या दिवाळीनंतर" म्हणत होतो. शेवटी एका दिवाळीनंतर वसंतराव धुळ्याहून आले आणि पचकले, "मग नेपाळला जाऊ की. रस्त्याच्या ठेकेदाराकडे मी दोन वर्षं तिकडे स्टोअरकीपर होतो." त्यांची बायको गुडघे दुखतात म्हणून घरीच राहिली. निघालो आम्ही तिघं.

पाठीवरच्या सॅक बाजारात पाहिल्या, भाव ऐकला, आणि दुकानातल्या सॅटिनच्या तुकड्यांतून तीन पिशव्या शिवून घेतल्या. एक राणी, एक मोरपंखी, एक जांभळी. कापड इतकं गुळगुळीत की पिशवी पाठीवर टिकेना. गोरखपूरपर्यंतच्या प्रवासात माझी राणी पिशवी वरच्या बर्थवरून तीनदा एका फौजदाराच्या डोक्यात पडली. तिसऱ्यांदा त्याने ती मला परत दिली नाही, फेकून मारली.

गोरखपूरला स्टेशनबाहेर मी लोकरीच्या टोप्यांचा भाव पाडत होतो. दुकानदार अगदी रडकुंडीला आला होता. एवढ्यात वसंतराव मागून म्हणाले, "अरे वा, स्वस्तच आहेत की."

दुकानदाराचे डोळे लगेच कोरडे झाले. मी भर रस्त्यात वसंतरावांना सुनावलं, "यापुढे मी सौदा करत असेन तेव्हा तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी खड्ड्यात पडलो तरी नाही."

"नाही उघडणार," ते म्हणाले.

माणूस शब्दाला इतका पक्का निघेल असं मला वाटलं नव्हतं.

नेपाळात पोखऱ्याला पोचलो तर सगळीकडे ढग. तीन दिवस आम्ही खिडकीतून पांढरा कापूस बघत बसलो. विमल सारखी खिडकीची काच पुसत होती. परतीची बस परवा पहाटेची, म्हणजे हातात एकच सकाळ उरली. तेव्हा लॉजवाल्याने दिलमान नावाचा वाटाड्या गाठून दिला. पन्नाशीचा, शांत, पिंढऱ्या नारळाएवढ्या.

"साहुजी," दिलमान म्हणाला, "दस बजे के बाद बादल आ जाता है. उससे पहले ऊपर पहुँचना. दो जगह है. नजिकवाली में एउटा उकालो. दूरवाली में तीन उकालो."

आता सुरतेच्या माणसाला उकाळो म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सुंठ, मिरी, मसाला घालून उकळलेलं ते गरमागरम दूध. आमच्या गल्लीतल्या गुजराती शेजारणीने विमलला तो शिकवला आणि तेव्हापासून थंडीत आमच्या घरी दोन वेळा होतो. परक्या मुलुखात, हिमालयात, हा माणूस वाटेत उकाळा देतो म्हणाल्यावर मला गहिवरूनच आलं. पण सौद्यात गहिवर दाखवायचा नसतो.

"एक उकालो में क्या होता है?" मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं. "तीनवाला रास्ता लो. भाव वही."

दिलमान गोंधळला. "साहुजी, बाकी लोग एक ही लेता है."

"बाकी लोगों की बात मत करो. गरम होगा?"

"गरम? पसीना निकल जाएगा."

"हां, ऐसाच होना."

"मगर ठाडो है, साहुजी. एकदम ठाडो उकालो."

इथे माझं डोकं तापलं. गुजरातीत ठंडो म्हणजे थंड. आत्ता गरम म्हणत होता आणि आता थंड! "ठंडो नहीं चलेगा," मी ओरडलो. "पहिल्यांदा गरम बोला, अब ठंडो बोलता है?"

"उकालो तो ठाडो ही होता है," तो काकुळतीने म्हणाला. "हम क्या करेगा?"

"क्या करेगा म्हणजे? तुम्हारा काम है, तुम देखो."

मी वसंतरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मिशा हलत होत्या. मला वाटलं, थंडीने.

दिलमानने विमलकडे बोट केलं. "दिदी सकेगी? तीन?"

"उसको तो रोज लगता है," मी म्हणालो. "सुबह-शाम."

त्याने विमलला हात जोडले.

"और वापसी में?" मी विचारलं.

"वापसी में ओरालो."

हे काहीतरी फरसाण असणार, उकाळ्याबरोबर खायचं. "कितना ओरालो?"

"जितना उकालो, उतना ओरालो."

माणूस सरळ वाटला. सौदा पक्का केला.

सकाळी निघालो. थोडं सपाट चाललो आणि मग दगडी पायऱ्या सुरू झाल्या. त्या संपेचनात. वर पोचेपर्यंत माझे कान लाल झाले होते. एका झाडाखाली मी बसलो आणि म्हणालो, "लाओ. पहला उकालो."

"वो तो हो गया, साहुजी."

"हो गया? कधी?"

"अभी. खतम."

"सकाळी सातला खतम? किसने खतम किया?"

"आपने. आपने, दिदी ने, दाइ ने," तो वसंतरावांकडे बोट करत म्हणाला.

मी विमलला विचारलं, "तू घेतलास?" ती म्हणाली, "आवो, चाला ना, ढग येतीन." मी मनात हिशेब धरला की वाटेतली टपरी बंद असेल आणि हा लबाड झाकतो आहे. दुसऱ्याला सोडायचं नाही.

दुसरी चढण पहिलीची थोरली बहीण होती. अर्ध्यावर माझी राणी पिशवी खांद्यावरून सटकली आणि पायऱ्या मोजत खाली गेली. तिच्यात आमचे स्वेटर होते. मी शिव्या देत खाली उतरलो, तिला एका म्हशीच्या पायाजवळून उचललं आणि पुन्हा वर आलो.

"तुमचे चार होणार," वसंतराव म्हणाले.

"चार काय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सौदा अजून चालू होता ना.

दुसराही उकाळा "खतम" झाल्याचं कळलं तेव्हा माझ्यात भांडायला श्वास नव्हता. तो मी तिसऱ्यासाठी साठवला. शेवटच्या पायऱ्या हातापायांवर रांगत चढलो, माथ्यावर सरळ उभा राहिलो आणि दिलमानच्या नाकासमोर बोट नाचवलं.

"तीन उकाळे ठरले होते! एक तरी दिया? एक घोट? मी सुरतेचा व्यापारी आहे, तू मला..."

"साहुजी, तीनों दिया," दिलमान म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "किसी को तीन नहीं देता. आपको दिया."

"वसंतराव! याला सांगा!"

"सौदा संपला का?"

"संपला! कायमचा संपला!"

"मग बोलू?"

"बोला!"

"नेपाळीत उकालो म्हणजे चढण," वसंतराव म्हणाले. "ठाडो म्हणजे उभी. आणि ओरालो म्हणजे उतार. तो तुम्हाला अजून मिळायचाय."

मी तिथेच खाली बसलो. नंतर तोंडात आलं ते सगळं वसंतरावांना बोललो, त्यांच्या धुळ्याला बोललो, त्या ठेकेदारालाही बोललो. पुरा दम संपेपर्यंत बोललो. मग विमलची आठवण झाली. वळून पाहिलं. ती दोन्ही हात छातीशी धरून उभी होती, गाल ओले, आणि तिच्यासमोरच्या डोंगरावर ढगाची जाड चादर नुकतीच ओढली गेली होती.

"दखा ना तुम्ही?" तिने विचारलं. "केवढा मोठा! चित्रमा ते कायच नही!"

मी "हो" म्हणालो. व्यापाऱ्याला तेवढं जमतं.

उतरताना जवळच्या जागेवरून परतणारी मंडळी भेटली. एक उकालोवाले. त्यांना नुसतं धुकं दिसलं होतं. म्हणजे तीनचा सौदा माझाच बरोबर होता, पण हे ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. कारण वसंतरावांनी माथ्यावर कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं. तो फोटो त्यांनी मोठा करून आमच्या दिवाणखान्यात लावला आहे. मागे पांढराशुभ्र डोंगर, विमलचा उजळलेला चेहरा, आणि डोंगराकडे पाठ करून वाटाड्यावर ओरडणारा मी. तो डोंगर मी पाहिला आहे तो त्याच फोटोत.

पुढे सुरतेतच गोडादऱ्याला आम्ही वर दोन जिने चढावे लागतात असं घर बांधलं. हिवाळ्यात घसा धरला की मी म्हणतो, "विमल, जरा उकाळा दे." ती मान वर न करता जिन्याकडे बोट दाखवते.

"वर दोन शेतस," ती म्हणते. "तिसरा मांगू नका."