ओल्या हवेची भूक

आषाढात वाळत घातलेल्या जीन्सला एक वास असतो — कुबट, आंबूस, भिजून आलेल्या कुत्र्याच्या अंगाला येतो त्याच्याच घराण्यातला — आणि माझं बालपण त्या वासाखालून वाकून गेलं. अगदी शब्दशः वाकून. मारुंजीत आमच्या घरापुढे भाड्याच्या खोल्यांची रांग होती, रांगेपुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेल्या नायलॉनच्या दोऱ्या. त्यांवर पावसाळाभर भाडेकरूंचे टॉवेल, बनियनी, ऑफिसचे शर्ट आणि त्या जीन्स लोंबत असायच्या, दिवसच्या दिवस, तशाच जड, तशाच गार. शाळेला निघताना दप्तर पोटाशी धरून मी खालून जायची, आणि कुणाच्या तरी पँटचा ओला पाय गालावरून सपकन फिरायचा... तो स्पर्श अजून गालावर आहे.

आमच्या गावानं भात पिकवायचं सोडून खोल्या पिकवायला घेतल्या, तो हा काळ. हिंजवडीच्या आयटी कंपन्या हाकेच्या अंतरावर आल्या होत्या. लातूर, बीड, अकोल्याकडची शिकलेली पोरंपोरी पाठीवर काळी बॅग टाकून उतरत होती, आणि आमच्यासारखी जमीनवाली घरं त्यांना एकाला एक चिकटलेल्या, पाठीला पाठ लावलेल्या खोल्या देत होती. पुढे दार, मागे दुसऱ्या खोलीची भिंत. खिडकी नाही. खिडकी म्हणजे वाया गेलेली भिंत, असं माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मत होतं. आणि ते एकट्या अण्णांचं नव्हतं, अख्ख्या गावाचं होतं. सरळच सांगते: आत माणूस राहणार आहे हे धरून त्या खोल्या बांधलेल्याच नव्हत्या. आत भाडं राहणार आहे, हे धरून बांधल्या होत्या. श्रावण सरेपर्यंत तिथं बरणीतलं मीठ पाझरायचं, काडीचा गुल झिजून जायचा पण ती पेटायची नाही, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी मखमलीसारखी धरायची, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी सारखं खोकत असायचं.

घरामागे मात्र गोठा होता. जनावरं विकून झाली होती, पण जाड विटांच्या भिंती, कौलं, दगडी गव्हाण, पूर्वेला बुटकी खिडकी आणि पार वर आढ्याखाली झरोका — हे सगळं जागच्या जागी होतं. हवा कुठून येईल आणि कुठून जाईल, याचा विचार आमच्या माणसांनी गोठा बांधताना केला होता. जनावरासाठी केला होता, हे लक्षात ठेवा.

दुपारची जेवणं उरकली की आई तिथं जाऊन बसायची. काही करायची नाही, नुसती बसायची. पेंढ्याचा, शेणाचा, भिजवलेल्या पेंडीचा वास अजून जमिनीत मुरलेला होता, आणि त्या गोडसर, उबदार अंधारात तिला कुणी हाक मारत नसे. घरातली प्रत्येक खोली कुणाची ना कुणाची होती — अण्णांची, माझ्या धाकट्या चुलत्यांची म्हणजे तात्यांची, भाडेकरूंची. आईची म्हणावी अशी जागा ही एवढीच, आणि तीही गाईम्हशींकडून वारशानं आलेली!

एका सकाळी चहाच्या वेळी अण्णा आणि तात्या यांनी ठरवून टाकलं की दसऱ्याला गोठा पाडायचा आणि तिथं आणखी खोल्या काढायच्या. आई चहा गाळत होती. गाळणी तशीच हातात धरून ती म्हणाली,

"गोठा मला ऱ्हाऊ द्या."

"तुमी काय करणार वहिनी त्यात?" तात्या हसले. "रवंथ?"

"कापडं वाळवीन. समद्या खोल्यांची. पोरं वल्ली कापडं अंगात घालून कामाला जात्यात."

"आषाढात?" अण्णा म्हणाले. "अगं, हवाच वल्ली हाय. वल्ल्या हवेत कुटं कापडं वाळत्यात व्हय?"

 आईनं कामाला हात घातला.

गोठ्याच्या मागच्या भिंतीबाहेर अंघोळीच्या पाण्याची चूल होती. आईनं तिथं भिंतीला भगदाड पाडून घेतलं, त्यात जाड लोखंडी पत्रा बसवला आणि चुलीची पाठ पत्र्याला लावली — जाळ आणि धूर बाहेर, ऊब आत. मग बाहेरची ओली हवा म्हणजे सात जन्मांची वैरीण असल्यासारखी तिनं खिडकी गोणपाटानं बंद केली, झरोक्यात पेंढा कोंबला, दाराच्या फटींत चिंध्या. आत दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे. दुपारी दार उघडलं तर नुसती वाफ. भिंतींवरून पाणी ओघळत होतं, कौलांखालून थेंब टपकत होते. कपडे गरम झाले होते आणि ओलेच होते. आमच्या शेवटच्या खोलीत वैशालीताई राहायची, लातूरची, कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायची. ती कुर्ता न्यायला आत आली आणि तिच्या चष्म्याच्या काचा क्षणात पांढऱ्या झाल्या. भिंत चाचपडत ती म्हणाली, "काकू, मी कुर्त्यासाठी आले व्हते. इथं तं इडल्या लागल्यात!"

अण्णांना तर पंधरा दिवसांची करमणूक मिळाली. येता-जाता विचारायचे, "आज काय शिजवलंस गं गोठ्यात? टावेल का लेंगा?"

 आई रोज जाळ वाढवत होती आणि रोज वाफ वाढत होती.

मी तेव्हा आठवीत होते. भूगोलाची चाचणी तोंडावर आली होती, आणि मोठ्यानं ओरडल्याशिवाय काही पाठ होत नाही अशी आमच्या शाळेची श्रद्धा असल्यामुळे मी गव्हाणीवर बसून ओरडत होते, की हवा जितकी गरम तितकं जास्त बाष्प ती धरून ठेवू शकते. बाष्प तेवढंच ठेवून हवा तापली तर तिची सापेक्ष आर्द्रता घटते, गार झाली तर वाढते. सापेक्ष म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि चाचणीत कुणी विचारणारही नव्हतं. आईनं विचारलं.

"म्हंजी कशाच्या मानानं?"

"तिच्यात जेवढं मावतं त्याच्या मानानं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता ते मलाच पहिल्यांदा कळलं.

"आन् मावंल तेवढं भरलं, की?"

"मग भरली. मग ती आणखी नाही घेत."

आई हातातला टॉवेल पिळायची थांबली. वैशालीताई दारातच चष्मा पुसत उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"म्हंजी मी हिला पोटभर जेवू घातलं," आई सावकाश म्हणाली, "आन् पंगतीतनं उठूच दिलं न्हाई."

"मग उठवा की," वैशालीताई म्हणाली. "हिला घालवा, दुसरी पंगत बसवा."

"दुसरी बी बाहेरचीच. वल्लीच असंल."

"ओली हाय काकू, पण गार हाय. गार हाय म्हणून तिचं थोडक्यात पोट भरलंय. इथं येऊन तापली की—"

"—भूक लागंल तिला," आई म्हणाली.

बाहेर पाऊस अक्षरशः कोसळत होता, आणि माझ्या आईनं ओले कपडे वाळवायला खिडकीचं गोणपाट टराटरा ओढून काढलं. शिडी लावून झरोक्यातला पेंढा उपसला. मी भाषणं पुष्कळ ऐकली आहेत, दिलीही आहेत. पण एखाद्या वाक्याचं असं लगोलग हातात उतरणं मी पुन्हा पाहिलं नाही. खिडकीतून आलेली हवा पायांच्या नडग्यांना गार लागे, पत्र्यापाशी येऊन तापे, कपड्यांमधून वर चढे, आणि मानेशी पोचेपर्यंत जड, दमट, तृप्त होऊन झरोक्यातून निघून जाई. मागोमाग दुसरी पंगत.

हे अण्णांच्या कानावर गेलं. त्याच सुमाराला घराचं एक कौल सरकून त्यांच्या अंथरुणावर पाणी गळलं, आणि त्यांची गोधडी — जुन्या नऊवारींची, चार पदरी, वासराएवढ्या वजनाची — चिंब झाली. सकाळी त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून आणली आणि आईच्या पुढ्यात टाकली.

"ही वाळव. दिवेलागणीच्या आत. वाळली तर गोठा तुझा, मी पुन्यांदा त्याचं नाव काढनार न्हाई. न्हाई वाळली तर दसऱ्याला कुदळ."

"वहिनी, गोधडी हाय बरं का," तात्या म्हणाले. "रुमाल न्हवं."

वैशालीताईनं त्या दिवशी सुट्टी टाकली. कारण काय सांगितलं ते तिचं तिलाच माहीत. दोघींनी दोन टोकं धरून गोधडीला पीळ घातला, तेव्हा हळदी रंगाचं पाणी अंगणभर वाहिलं. मग तापलेल्या पत्र्यासमोर ती टांगली, खिडकी उघडी, झरोका उघडा. मी बाहेर चुलीत बाभळीची लाकडं सारत होते आणि मधूनमधून आत येऊन बघत होते. पावसाची झड आणि जाळाची झळ एकाच गालावर आलटून पालटून बसत होती. दुपार झाली. गोधडी वरून सुकी वाटे, आणि दाबली की आतून गार उत्तर देई. आई दर थोड्या वेळानं तिची बाजू फिरवायची. तिच्या ओठांवरून मला कळत होतं की ती मनात गोठ्याला निरोप देऊन बघते आहे, जमतंय का ते.

आणि तेवढ्यात गल्लीतून अण्णांची आरोळी आली, "गोठा पेटला! तात्या, गोठा पेटला!"

बाहेर धावले तर खरंच — झरोक्यातून पांढरेशुभ्र लोट निघत होते, पावसात शिरत होते, विरत होते. अण्णा अनवाणी, हातात भरलेली बादली. मागून तात्या दुसरी घेऊन. अण्णांनी बादली मागे घेऊन नेम धरला, आणि आई दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"थांबा! पानी नका मारू! ते पानीच हाय!"

अण्णा तसेच थबकले. मग बादली खाली ठेवून त्यांनी शिडी लावली, वर चढले, झरोक्यापुढे तळहात धरला, तो नाकाशी नेला. धुराचा वास नव्हता. तळहात ओला झाला होता. आतली भरल्या पोटाची हवा बाहेरच्या गारव्यात आली की तिला घेतलेलं सांभाळवत नव्हतं, ती ते पांढरं पांढरं सांडत होती. अण्णा शिडीवरूनच, भिजत, हळू आवाजात म्हणाले, "माजी गोधडीच चाललीया की गं ही."

"गोधडी हितंच हाय," आई म्हणाली. "तिच्यातलं पानी चाललंय."

दिवेलागणीला अण्णांनी गोधडी गालाला लावली. शिवण न् शिवण चिमटीत धरून पाहिली. आईनं आपणहून त्यांचा हात धरला आणि एका जाड कोपऱ्यावर ठेवला. "ह्यो वल्ला हाय अजून."

अण्णांनी कोपरा दाबला. तात्या वाट बघत होते. अण्णा म्हणाले, "कोपऱ्यावर काय मी झोपत न्हाई," आणि गोधडी खांद्यावर टाकून घरात गेले.

त्यानंतर किती पावसाळे तो गोठा चालला... साबणाचा, तापल्या लोखंडाचा, बाहेरून येणाऱ्या ओल्या मातीचा असा एक मिश्र, स्वच्छ वास तिथं भरून राहिलेला असे, आणि दुपारी आई त्या वासात आपली एकटी बसलेली असे. तिच्यामुळे मला हवा दिसायला लागली. मार्गशीर्षात सकाळी शेतांवर धुकं बसतं आणि उन्हं वर आली की लोक म्हणतात, धुकं गेलं. कुठं गेलं? पाणी तिथंच असतं, हवेचं पोट मोठं झालेलं असतं. पहाटे गवत भिजवणारी तीच हवा दुपारी ओठ फोडते. मला हे अजून जादूसारखं वाटतं, आणि जादू वाटण्यात मला काही लाज वाटत नाही.

आज मी भाड्याच्या खोल्यांना खिडक्या मागत फिरते. मारुंजी, नांदे, जिथं खोल्या आहेत तिथं पत्रकं वाटते. भर पावसात बंद खोलीत तान्ह्या पोराचे लंगोट अंगावर वाळवणाऱ्या आया मी पाहते, काळ्या पडलेल्या भिंती पाहते, आणि घरमालक म्हणतात, "पावसाळ्यात ओल असायचीच, ताई." नाही! ओल आभाळातून आत येत नाही. माणसाच्या श्वासाची, चुलीची, धुण्याची वाफ बाहेर जाऊ दिली जात नाही, रात्री भिंत गार पडते आणि ती वाफ भिंतीवर पाणी होऊन बसते. ही आषाढाची करणी नाही, नकाशा काढणाऱ्याची आहे.

मग एखादा खोचकपणे विचारतो, "तुमच्या घरच्या खोल्यांना आहेत का खिडक्या?"

आहेत. घर आणि जुन्या खोल्या पाडून गोठ्याच्या भोवतीनं चार मजली इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी दिला शब्द पाळला. गोठ्याचं नाव काढलं नाही. आईनंच काढलं. मी तेव्हा घरी नव्हते, हे मागाहून ऐकलं. नकाशा जेवायच्या फरशीवर पसरला होता, त्यात खोल्या पुन्हा पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. आईनं नकाशावर गोठ्याच्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाली, "गोठा पाडा. पन त्या जागंवर काय बांधू नका. वरपत्तुर उघडी ठेवा, आन् समद्या खोल्यांना त्या अंगाला खिडकी काढा. वर झरोका."

"वहिनी, तेवढ्यात लई खोल्या निघत्याल," तात्या म्हणाले.

"निघत्याल," आई म्हणाली.

आता त्या जागी काही नाही. चार मजले उंच नुसती हवा आहे. तिच्या दोन्ही अंगांना खिडक्या, आणि आषाढातसुद्धा माणसाला धड श्वास घेता येतो. मला आईचा अभिमान वाटतो, आणि तितकाच संताप येतो. खिडक्या हव्यात तर तिनंच तिची जागा का द्यायची? चौघांत बसून दोन्ही का नाही ठरलं? मी तिला हे तावातावानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही मागाया तू न्हवतीस तवा."

दुपारी जेवणं उरकली की ती आता जिन्याच्या पहिल्या वळणावर बसते. वरखाली करणारा प्रत्येक जण "काकू, जरा..." म्हणतो, आणि ती पाय आखडून घेते.