लिंबू रंगाचं जाकीट

वारा अडवणारं कापड कोणतं, ते ओठांना कळतं, बोटांना नाही. कापडाचा पदर ओठांवर घट्ट धरायचा, पलीकडे तळहात ठेवायचा आणि जोरात फुंकायचं. तळहाताला गार लागलं तर ते कापड अस्तराला बरं, सायकलवर छातीला उपयोगाचं नाही. ही युक्ती मला कुणी शिकवलेली नाही. गोंदियाच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, साड्यांचे फॉल यांच्यात जन्म गेला. त्यातून ती आपोआप आली. ती माझी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावरूनच माझं डोकं फिरणार आहे.

माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, विम्याचं काम करायचा. तोही गोंदियाला लागूनच्या कुडव्याला राहतो, मीही कुडव्याला. आमची घरं इतकी जवळ की त्याच्याकडे फोडणीत मिरच्या पडल्या की ठसका आमच्याकडे लागायचा. आम्हा दोघांना बांधून ठेवणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे आमच्या सासऱ्यांचा हट्ट. लग्नकार्य असो की दिवाळी, दोन्ही जावयांना कापड घ्यायचं ते एकाच थानातलं, म्हणजे एकाच ताग्यातलं. सासरे, आमचे मामाजी, स्वतः दुकानात उभे राहून दोन्ही शर्टपीस एकापाठोपाठ एक फाडून घ्यायचे. मुलींच्या साड्या वेगळ्या असल्या तरी चालत, जावयांचं कापड मात्र एक. एकाला भारी आणि दुसऱ्याला हलकं, असं बोलायला कुणाला जागा नको. त्यामुळे सासरच्या प्रत्येक लग्नात आम्ही दोघे बँडपथकातून चुकून मंडपात आल्यासारखे दिसायचो. बायका हसायच्या. आम्हीही हसायचो, पण मला ते मनातून आवडायचं.

गेअरच्या सायकली गोंदियात नुकत्या दिसू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. साडभाऊची शुगर वाढली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि एकट्याला कंटाळा येतो म्हणून त्याने मला ओढलं. पहाटे आम्ही बिरसीच्या रस्त्याने निघायचो. विमानतळाच्या बाजूला धानाच्या मोकळ्या बांध्या, मध्ये झाड नाही की घर नाही. वारा थेट छातीवर. डोक्यावर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालत आणि खाली आम्ही दोघे शर्टाच्या आत वर्तमानपत्र खुपसून चाललेले. ऊन चढलं की पेपर बाहेर काढायचा आणि त्याच्यावरच पोहे खायचे. पहिल्या वर्षी साडभाऊला मध्येच चक्कर यायची, म्हणून मी मुद्दाम त्याच्या मागे राहायचो, हळूहळू. ती सवय मला लागली ती लागलीच.

पुढे साडभाऊची एका सायकलवाल्या ग्रुपशी ओळख झाली. त्यात एक डॉक्टर, दोघे-तिघे राइस मिलवाले, एक इंजिनियर. सगळं बोलणं हिंदीत, सगळ्यांचे कपडे कंपनीचे. मी आपला जुन्या ट्रॅकपँटीत. कुणी मला वाईट वागवलं नाही. मी चढावर मागे पडायचो, हे खरं आहे, पण पोहोचायचो.

त्या हिवाळ्यात ठरलं की महाशिवरात्रीला सायकलवर प्रतापगडला जायचं, साताऱ्याकडच्या नव्हे, आमच्या जिल्ह्यातल्या. तिथे मोठी जत्रा भरते आणि आमच्या सासऱ्यांचं गाव त्याच वाटेवर आहे. लांबचा पल्ला होता, आणि त्या दिवसांतलं हवामान म्हणजे बेभरवशाचं काम. निघताना बोटं आखडतात, दुपारी अंगाची लाही होते, आणि मध्येच आभाळ भरून गारासुद्धा पडतात. वर्तमानपत्राने ते भागणार नव्हतं. बिनबाह्यांचं, पातळ, घडी करून खिशात मावणारं जाकीट हवं होतं. साडभाऊ दुकानात आला, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "कापड तुझा विषय आहे, तू निवड. दोघांना सारखंच घेऊ. मामाजी घेतात तसं."

मला काय आनंद झाला होता! लोक माझ्याकडे फॉल-पिको विचारायला येतात. कुणी पहिल्यांदाच माझ्या अकलेला सायकलवर जागा देत होतं.

साडभाऊ घरपोच मागवायचा, मी दुकानात तपासायचो, नापसंत ते तो परत पाठवायचा. पहिलं जाकीट दिसायला झकास होतं, पण चोळलं की फरफर वाजायचं. तो आवाज दिवसभर कानाशी ऐकला असता तर माणूस प्रतापगडऐवजी वेड्यांच्या इस्पितळात पोहोचला असता. दुसरं पुढून-मागून एकाच कापडाचं होतं. त्याने वारा अडला असता, पण घाम आतच राहिला असता, आणि ओल्या पाठीवर गार वारा बसला की माणूस आजारीच पडतो. तिसरं मात्र जमलं. पुढचं कापड घट्ट विणीचं. फुंकर पलीकडे जात नव्हती. पाठीला जाळी. खालच्या कडेला दोरीऐवजी इलॅस्टिक, त्यामुळे ते वाऱ्याने फुगणार नव्हतं. मागची बाजू जरा लांब, म्हणजे वाकलं तरी कंबर उघडी पडत नाही. चेनच्या वरच्या टोकाला कापडाची पट्टी होती, हनुवटीला चेन टोचू नये म्हणून. त्यावर मी पाणी शिंपडलं. थेंब मोत्यासारखे घरंगळले, मग हळूहळू मुरले; म्हणजे झिमझिम सोसेल, मुसळधार नाही. मग ते त्याच्याच खिशात कोंबून पाहिलं. आधी कॉलर आत, मग दोन्ही बाजू, मग गुंडाळायचं. मुठीएवढं झालं. ती घडी मी साडभाऊकडून दोनदा करून घेतली.

रंगावरून आमचं वाजलं. त्याला काळं हवं होतं, रुबाबदार दिसतं म्हणून. मी म्हटलं, पहाटेचं धुकं, रस्त्यावर धानाचे ट्रक. तुझा रुबाब ड्रायव्हरला दिसणार कसा? आमच्या धंद्यात पिवळ्याचे कितीतरी भाऊबंद असतात, हळदी, मोहरी, कैरी. मी त्यातला लिंबू उचलला, डोळ्यांत घुसणारा. फर्लांगभरावरून ओळखू आलं पाहिजे, असं मी दहा वेळा बजावलं. शेवटी तो हो म्हणाला आणि तशी दोन मागवतो म्हणून गेला.

शिवरात्र जवळ आली तसं मी रोज विचारायचो, जाकिटं आली का? तो म्हणायचा, वाटेत आहेत. मग एका संध्याकाळी तो पडलेल्या चेहऱ्याने आला. पार्सल अडकलं होतं, हवामान खराब सांगत होते आणि ग्रुपमधल्या डॉक्टरने राइडच रद्द केली होती. मला त्याचीच दया आली. मी त्याला चहा पाजला, म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ, प्रतापगड कुठे पळून जातो!

शिवरात्रीला दुकान बंदच असतं, म्हणून आदल्या दिवशी बायकोला गाडीवर घेऊन मी सासरी गेलो. शिवरात्रीच्या सकाळी मामाजी आणि मी तळ्याच्या पाळीजवळच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. ते तळं त्यांच्या पूर्वजांनी खोदलेलं. मामाजी रोज सकाळी ते जागेवर आहे ना, हे बघायला आल्यासारखे येतात. जत्रेला जाणारे ट्रॅक्टर आणि ऑटो समोरून चालले होते. आभाळ दाटून आलं होतं, तळ्यावरचं धुकं अजून रस्त्यावर रेंगाळत होतं. त्या धूसर रस्त्याच्या पार टोकाला मला पिवळा ठिपका दिसला. मग त्याच्यामागे दुसरा, तिसरा, एक रांगच.

खरं सांगतो, आधी मी खूश झालो. बघा, फर्लांगभरावरून ओळखू आलं की नाही! रंग चुकला नव्हता. मामाजींना मी ते बोलूनही दाखवणार होतो. मग दुसऱ्या सायकलवरच्या माणसाचा डावा गुडघा बाहेर फेकलेला दिसला. तसा गुडघा फेकून सायकल चालवणारा माणूस मी इतकी वर्षं मागून पाहिला होता. मी चहाचा कप खाली ठेवला.

मामाजींची नजर अजून तेज होती. ते म्हणाले, "तो थोरला जवाई नोहे का? तुमी काऊन नाही गेले जी त्यायच्या संग?"

 

साडभाऊने आम्हाला पाहिलं. मान खाली घातली आणि पायडल जोरात मारलं. सासऱ्याच्या गावातून, सासरा रस्त्यावर बसलेला असताना, जावई न थांबता निघून जाणार होता. पण तेवढ्यात थेंब पडायला लागले, डॉक्टरने हात वर केला आणि सगळा ग्रुप टपरीच्या टिनाखाली घुसला. सगळ्यांच्या अंगात तेच जाकीट. तीच जाळी, तीच पट्टी, तोच लिंबू रंग. इतक्या जवळून मला त्यांची शिवणसुद्धा दिसत होती.

डॉक्टर मला पाहून मनापासून आनंदला. "अरे, आप यहाँ? घुटने का दर्द कैसा है अब? साढू जी ने बताया, डॉक्टर ने सायकल बंद करवा दी।" मी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. तो ठणठणीत होता. डॉक्टर जाकिटाची बाही नसलेली कड चिमटीत धरून पुढे सांगत राहिला, की हे सगळ्यांसाठी साढू जींनीच निवडलं, कपड्याची फार पारख आहे त्यांना. ओठांवर धरून फुंकर मारतात आणि सांगतात, हवा जाईल की नाही.

त्या क्षणी मला राइडचं काही वाटलं नाही, गुडघ्याच्या खोटेपणाचंही नाही. फुंकरेचं वाटलं. माझ्या तोंडातला वारासुद्धा त्याने आपल्या नावावर चढवला होता.

मी त्याला टपरीच्या मागे नेलं आणि विचारलं, माझा गुडघा कधीपासून दुखतो? तो टोपी पिळत राहिला. मग एकदम चिडून बोलला. माझ्यामुळे त्याला दरवेळी मागे थांबावं लागतं, मोठ्या लोकांत त्याची शोभा होते, त्यांच्याशी त्याचं काम असतं, हे मला कसं कळत नाही, असं सगळं. बिरसीच्या रस्त्यावर त्याला चक्कर यायची तेव्हा मागे कोण थांबायचं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलून दाखवावं लागणार असेल तर बोलण्यात काय उरतं?  मग तोच नरमला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू कायले मनाला लावून घेऊन राहिला? जाकीटच तर आहे. तुझ्यासाठी पण मागवतो."

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. नको म्हटलं.

सर पाच-दहा मिनिटांत सरली आणि लख्ख ऊन पडलं. सगळ्यांनी जाकिटं काढली. साडभाऊ मामाजींच्या पाया पडला. मामाजींनी आशीर्वाद दिला, पण घरी चला म्हटलं नाही. मग त्याने ग्रुपला घडी दाखवली. आधी कॉलर आत, मग दोन्ही बाजू, मग गुंडाळायचं. मुठीएवढं. एकही चूक केली नाही. ते पाठीच्या खिशात गेलं आणि ते सगळे प्रतापगडच्या दिशेने दिसेनासे झाले. आता त्यांच्या अंगावर पिवळं काही नव्हतं, त्यामुळे लवकर दिसेनासे झाले.

 घरी येताना मामाजी पाळीवरून पुढे चालले होते, मी मागे. सवयीनेच मागे.

घरं जवळच राहिली. सणावाराला येणं-जाणं राहिलं, बायकांमध्ये तर काही बदललंच नाही. मी बिरसीच्या रस्त्यावर एकटा जात राहिलो, छातीवर वर्तमानपत्र घेऊन. साडभाऊने खरंच एक जाकीट पाठवलं होतं. बायकोने ते घेतलं, मी तसंच परत केलं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या साळ्याचं लग्न निघालं. जावयांचा मान म्हणून मामाजींनी आम्हा दोघांना ओसरीवर बोलावलं आणि समोर कापडं ठेवली. साडभाऊपुढे राखाडी, बारीक रेघांचं. माझ्यापुढे बदामी, साधं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन वेगळी कापडं. साडभाऊ माझ्याकडे बघेना. मी बदामी कापडावरून बोट फिरवलं. चांगलं होतं, कदाचित त्याच्यापेक्षा भारी. मला हेच तर हवं होतं, त्याच्यासारखं दिसायचं नव्हतं. तरी माझी नजर त्या राखाडी कापडाकडे जात राहिली.

मामाजी पानाची पुडी सोडत, कुणाकडेही न बघता म्हणाले, "एका थानात पुरलं नाही जी."

थान केवढं असतं, ते मला ठाऊक आहे. त्यात आम्हा दोघांचे शर्ट होऊन नवरदेवाच्या मित्रांचेही झाले असते. मामाजींनाही ते ठाऊक होतं.

"होते तसं कधी कधी, मामाजी," मी म्हटलं, आणि कापडाची घडी घातली.