उंबऱ्यावरची गौर

दहिवलीला आमच्याकडे तेरड्याची गौर. बांधावरून तेरडा उपटून आणायचा, एकीने तो सुपात घेऊन उंबऱ्यावर थांबायचं आणि दुसरीने आतून विचारायचं, "कोण आली गं?" "गौर आली." "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी." मगच पाऊल आत टाकायचं.

लग्न होऊन जर्मनीत आले तेव्हा वाटलं, संपलं हे सगळं. पण इथल्या ओढ्याकाठी तेरड्याच्या भावकीतलंच एक झाड उदंड उगवतं. लोक तण म्हणून उपटून फेकतात. पहिल्या वर्षी आईने फोनवर पाहून निकाल दिला, "तेरडाच हाय गं, जरा माजलाय एवढंच." आतून विचारायला कोणी नव्हतं, म्हणून मी फोन दाराच्या आत चपलांच्या कपाटावर उभा करायची आणि आई दहिवलीहून विचारायची. सहा वर्षं एकदाही चुकली नाही.

यंदा फोनवर वहिनी आली. "आईंचा घसा बसलाय, मीच इचारते."

मी जिन्यात सूप धरून उभी. पण माझा स्वभाव खोचक, गप्प बसवेना. म्हटलं, "आधी तुमची गौर तर दाखव."

वहिनी म्हणाली, "यंदा आणली नाय, ताई."

आमच्या घरात गौर आणायची राहते ती एकाच कारणाने, सुतक असलं तर. आई गेली होती. "वहिनी, आई..."

"आदी आत या, मंग बोलू," ती घाईने म्हणाली. "आईंनीच सांगून ठेवलंय, तिची गौर बसल्याबिगर तिला काय बी सांगू नका."

लेकीला सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. वहिनी तो शब्द उच्चारत नाही तोवर मी मोकळी होते. केवढी हट्टी बाई! जातानाही माझ्या सुपाची काळजी. मला तिचा राग आला, फार राग आला, आणि त्या रागातच रडू फुटलं.

"कोण आली गं?" वहिनीने विचारलं.

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी?"

मी उत्तर दिलं आणि आत गेले. तेरडा पाटावर बसवला, हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावलं.

मग फोन हातात घेऊन म्हटलं, "आता सांग."