गच्चीवरची पिवळी साडी

रांजणगावच्या कंपनीतली नोकरी सोडून मी विमान शिकायला गेले, तेव्हापासून आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलेनासे झाले. माझा फोन आला की ते आईला म्हणायचे, "घे, तुझ्या पायलटीणबाईंचा हाय."

मग सरावाच्या उड्डाणाचा मार्ग ठरला: दौंडवरून शिरूरकडं आणि पुढं आमच्या कवठे येमाईच्या डोक्यावरून. मी आईला सांगितलं, "गच्चीवर पिवळी साडी अंथर, म्हणजे वरून घर ओळखू येईल. आन् आप्पांना कसंही करून वर आण." आई म्हणाली, "साडीचं मी बघते. बाकीचं देवीला सांग."

आमच्या छोट्या विमानात वाट दाखवणारी दोन यंत्रं. एकाचा काटा सांगतो, पुण्याच्या रेडिओ केंद्रापासून आपण कुठल्या दिशेला आहोत. दुसरं डीएमई. ते केंद्राला हाक मारतं, केंद्र ओ देतं, आणि ओ यायला किती वेळ लागला त्यावरून ते अंतर काढतं. तेही तिरकं. बरोबर केंद्राच्या डोक्यावर आलात तरी आकडा शून्य होत नाही, उंचीएवढं अंतर उरतंच. परीक्षेत हे लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. समोरच्यानं ओच दिली नाही तर काय करायचं, हे आमच्या घरात लागणारं ज्ञान मात्र कुणी शिकवलं नाही.

दौंडचे रूळ मागे पडले. काटा मधोमध, आकडा चोख. शेजारी बसलेले शिकवणारे सर म्हणाले, "एकच चक्कर हं." मी ऐटीत खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला. अख्खी वाडी पिवळी! आईनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं भावकीला, आणि पोरगी चुकायला नको म्हणून प्रत्येकीनं आपापल्या गच्चीवर, पत्र्यावर पिवळं अंथरलं होतं.

"यातलं तुझं कुठलं?" सरांनी विचारलं.

काय सांगणार, डोंबल! यंत्रानं बिनचूक आणून सोडलं आणि दारात येऊन घर सापडेना.

विमान डावीकडं कलवून मी गोल फिरले. गच्चीगच्चीवर माणसं हात हलवत होती. खाली कांद्याच्या रानात एकजण तेवढा पाठ फिरवून, मान खाली घालून उभा होता. "ते बघा सर, ते आमचं रान," मी म्हणाले. मला रागच आला. पोटची पोर डोक्यावर घिरट्या घालतेय, आणि माणूस मान वर करत नाही म्हणजे काय!

संध्याकाळी आप्पांच्या नंबरवरून फोन आला. आईच असणार म्हणून उचलला.

"डाव्या अंगाला लई कलत हुतं," आप्पा म्हणाले. "काय बिघडलं हुतं का?"

"तुम्ही कुठं बघितलंत? पाठ फिरवून तर उभे होतात!"

"मी कशाला बघतोय? कांद्याला पाणी देत हुतो." मग ते खाकरले. "पुन्यांदा येशील तवा मला सांग. तुझ्या आईला सांगू नको, ती गावभर करती."