वहिनींनी तपासलेलं पान

आमच्या वहिनींना लिहिण्यातली चूक दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आता नोटीस लावण्याआधी ती मुकाट्यानं आमच्या घरी पाठवतात. म्हणून एकदा मीच चिडवलं, "वहिनी, जगातली माणसं मिळून एवढं फुकट सॉफ्टवेअर बनवतात, पण ते कसं वापरायचं ते सांगणारी पानं चुकांनी भरलीत. कुणीही दुरुस्ती पाठवू शकतं. घ्या मनावर."

चिडवण्यामागे कारण होतं. वहिनी पूर्वी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायच्या. मुली झाल्या, दादाची नोकरी उरणच्या कंटेनर यार्डात, तीही शिफ्टची. वहिनींनी काम सोडलं ते सोडलंच, दहा वर्षं गेली. आता परत जायची इच्छा होती, महापेच्या एका कंपनीतून मुलाखतीसाठी फोनही आला होता. "कळवते" म्हणाल्या आणि कळवलंच नाही. "माझं सगळं गंजलंय हो, भावजी," एवढंच उत्तर. मला राग यायचा, पण दिरानं किती बोलायचं?

त्यांनी फायलींचा बॅकअप ठेवणारा एक प्रोग्राम निवडला. मला वाटलं, शब्द दिसला, सुधारला, पाठवला, संपलं. वहिनींचं तसं नव्हतं. मोड आलेले वाल सोलत टेबलाशी बसायच्या, पान मोठ्यानं वाचायच्या आणि त्यात सांगितलंय ते सगळं जुन्या लॅपटॉपवर करून बघायच्या. मगच शब्दाला हात.

"एका अक्षरासाठी एवढा उपद्व्याप?" मी विचारलं.

"वाक्य काय करायला लावतंय ते कळल्याशिवाय त्यातला शब्द कसा बदलू?"

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. असं एकही पान मी जन्मात वाचलेलं नाही.

एका रविवारी त्या एकाच पानावर अडलेल्या दिसल्या. बॅकअप नव्या डिस्कवर कसा न्यायचा, त्याचं पान होतं. चूक एकाच शब्दाची. पण पानाबरहुकूम करत गेल्यावर मुलींच्या फोटोंची प्रत साफ पुसली गेली. मूळ फोटो दुसरीकडे होते म्हणून बरं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"माझंच काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं लोक हे पान वापरतायत."

"मी बघू?"

"नको. थांबा जरा."

त्यांनी जे केलं आणि जे झालं, ते ओळीनं लिहून पाठवलं. पानं सांभाळणारा परदेशातला गृहस्थ. त्याचं उत्तर आलं, माझ्याकडे तर नीट चालतं. मला वाटलं, आता वहिनी माघार घेणार. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न पाठवला: तुम्ही पानावर लिहिलंय तेवढंच केलंत, की सवयीनं आणखी काही?

मला हा प्रश्न सुचला नसता. आमच्या धंद्यातली खोड त्यांनी अचूक पकडली होती. ज्यांना काम येतं ते पान वाचत नाहीत, हात आपोआप चालतात. ज्यांना येत नाही ते पान वाचतात आणि बिघडलं की स्वतःला दोष देतात. त्यामुळे चुकीचं पान वर्षानुवर्षं सुखात राहतं.

दोन दिवस काही आलं नाही. वहिनी स्वयंपाकघरातून येऊन लॅपटॉप बघायच्या आणि परत जायच्या. मग उत्तर आलं. तो जुन्या फायली नव्या डिस्कवर आधीच उतरवून घ्यायचा, आणि ही पायरी लिहायचीच राहिली होती. पानाप्रमाणे केल्यावर प्रोग्राम रिकामी डिस्कच खरी धरायचा आणि जुनं सगळं पुसून टाकायचा. या वेळी फक्त पानावरचं केल्यावर त्याचंही पुसलं गेलं होतं. आभार मानून त्यानं विचारलं होतं, बाकीची पानंही अशीच तपासाल का?

वहिनींनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. मला फार अभिमान वाटला.

"म्हणजे माझं चुकत नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग पदराला हात पुसून त्यांनी फोन घेतला आणि महापेचा तो नंबर लावला.

"हो, दहा वर्षं घरी होते," त्या म्हणाल्या. "मुलाखतीला कधी येऊ, तेवढं सांगा."