खरखरचाचा

अख्ख्या बडनेऱ्यात लोडशेडिंगची वाट पाहणारा एकच माणूस होता, आमचे शेजारी खरखरचाचा. भातकुलीकडचे शेतकरी मोटारीपायी लाईनची वाट पाहत, आम्ही बायका मिक्सरपायी, आणि लाईन गेली की चाचा खुशीत म्हणत, "चलो, हवा साफ झाली!"

रेल्वेतून निवृत्त झालेल्या चाचांकडे हौशी रेडिओचा परवाना होता. गच्चीवर तार ताणलेली, खाली बोलायचा-ऐकायचा सेट, लाईन गेली की बॅटरीवर चालणारा. रोज सकाळी त्यावर ओडिशातले महापात्रबाबू येत. वर्षानुवर्षांची दोस्ती, भेट एकदाही नाही. बोलणं काय, तर तिकडे पाऊस किती आणि इकडे कपाशी यंदाही गेली का. पुढे महापात्रबाबू थकले, आवाज बारीक झाला. त्यातच लोडशेडिंग सकाळवरून दुपारवर गेलं आणि त्या बारीक आवाजावर गल्लीभरच्या चार्जरांची खरखर चढून बसली.

मग चाचा छोटा ट्रान्झिस्टर कानाशी धरून घरोघर फिरू लागले. तो जिथे जास्त खरखरेल तिथे चोर. मी तेव्हा चाळिशीतली, मंगळसूत्रावर मोबाईल लटकवून मिरवणारी. फोन तेवढा कोणाचा येत नसे.

"बेटी, तुझा चार्जर लय बोंबलून राहिला."

"तो तं मुका हाये, चाचा. बोंबलते तुमचा डबा!"

"मुका? आईक." ट्रान्झिस्टर चार्जरजवळ नेताच मोहोळ उठल्यासारखा आवाज झाला. चाचांनी पिशवीतून फुटक्या टीव्हीतलं काळं कडं काढलं आणि चार्जरची वायर त्यात वेढे घालून ओवली. खरखर बरीच दबली. मी मात्र मैत्रिणींना सांगत सुटले की कड्याने चार्जिंग लवकर होतं. अक्कल अशी ओसंडून वाहत होती माझी.

गल्ली शांत झाली, तरी महापात्रबाबू ऐकू येईनात. एकदा चहा द्यायला गेले आणि आगाऊपणे तोच ट्रान्झिस्टर चाचांच्या सेटच्या नव्या, हलक्या पॉवर सप्लायजवळ धरला. माझ्या चार्जरचा आजोबाच ओरडला!

"चाचा, चोर तं तुमच्याच घरी!"

"मालूम है," चाचा खाली पाहत म्हणाले. "पयल्या दिवसापासून. पोराने पुण्याहून पाठवला. दर इतवारी इचारते, अब्बा, चालते ना? बंद करून ठेवला तं त्याले काय सांगू?"

सासूबाईंनी दिलेल्या भडक साडीचं मी जे करत होते, तेच सुचवलं. नेसायची, फक्त फोटोच्या दिवशी नाही. "दिवसभर त्याच्यावर बॅटरी चार्ज करा. सकाळी प्लग काढा अन् बॅटरीवर बोला."

दुसऱ्या सकाळी आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "कपास कैसी है, खाँसाहब?" चाचांनी सगळी कपाशी एका दमात सांगितली. रविवारी पोराला सांगितलं, "चालते बेटा, रोज चालते."

हिवाळा असा गेला. उन्हाळ्यात एका सकाळी महापात्रबाबू आले नाहीत. नंतरही नाहीत. चाचा रोज ठरल्या वेळी सेट लावून बसत.

"येतील उद्या, चाचा," मी म्हटलं.

"नाई बेटी. खरखर होती तवा वाटे, माणूस तिच्या मांगं हाये. आता मांगं कोणी नाई, तेबी ऐकू येते."